तेल किती खोलीवर तयार होतं? वहीत काढा

पोरांनो, नुसती उष्णता बघून तेल सांगू नका. आधी खडक बघा: सेंद्रिय गाळाचा शेल, म्हणजे चिखल दबून झालेला थरांचा खडक हवा. आपल्या खानदेशात वर काळा बेसाल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा, म्हणून चोपड्याजवळच्या उनपदेवचं गरम पाणी ही तेलाची खूण नव्हे.

आता गणित. तेल साधारण ६० ते १२० अंशांत तयार होतं. जमिनीवर २७ अंश आणि दर किलोमीटरला २५ अंश वाढ धरा. ६० मधून २७ वजा करा, २५ ने भागा: सुमारे १.३ किलोमीटर. १२० साठी ३.७. त्याखाली बहुतेक वायूच.

गुजरातेतल्या खंभातच्या खोऱ्यात भूकवच ताणून पातळ झालं, जमीन खचली, गाळ साचला, खालची उष्णता वर सरकली. तिथे वाढ ४० धरून तेच गणित करा. मी फळ्यावर उत्तर देत नाही, फरक स्वतः काढलात तरच पटेल. अंकलेश्वरचं तेल, १९६० साली सापडलेलं, ह्याच खोऱ्यातलं.