छोट्या फोर व्हील ड्राइव्ह गाडीमागे कॅरॅव्हॅन कशी ओढावी

छोटी फोर बाय फोर गाडी चिखलातून निघते, खडा चढ चढते, दिसायलाही दणकट असते. तिच्यामागे कॅरॅव्हॅन, म्हणजे ओढून न्यायचं चाकांवरचं घर, लावायला काय हरकत, असं वाटणं साहजिक आहे. ओढायला ती ओढेलही. खरी कसोटी लागते ती ऐंशीच्या वेगात मागचं धूड सरळ ठेवताना आणि उतारावर ते थांबवताना. तिथे चारही चाकांना मिळणारी ताकद उपयोगाची नाही. तिथे लागतं गाडीचं वजन आणि लांबी, आणि या गाड्यांकडे नेमकं तेच कमी असतं.

आधी आकडे बघा

गाडीच्या पुस्तिकेत चार आकडे शोधा: गाडीचं रिकामं वजन, माणसं-सामानासह चालणारं कमाल वजन, ब्रेक असलेल्या आणि नसलेल्या ट्रेलरची मर्यादा, आणि टो-बॉलवर (गाडीच्या मागे बसवलेल्या, कॅरॅव्हॅन अडकवायच्या गोळ्यावर) चालणारा उभा भार. उदाहरणार्थ तीन दारांची सध्याची सुझुकी जिम्नी घ्या. युरोप आणि ऑस्ट्रेलियात तिला ब्रेकवाला ट्रेलर १,३०० किलोपर्यंत, बिनब्रेकचा ३५० किलोपर्यंत चालतो. गाडीचं स्वतःचं वजन मात्र ११०० किलोच्या आसपास. म्हणजे कागदावर ती स्वतःपेक्षा जड कॅरॅव्हॅन ओढू शकते. ते कागदावरच राहू द्या.

ब्रिटनमधल्या कॅरॅव्हॅनवाल्यांचा जुना संकेत असा, की भरलेल्या कॅरॅव्हॅनचं वजन गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत असावं. जिम्नीच्या हिशेबाने हे झाले साधारण ९३५ किलो. हा कायदा नाही, सल्ला आहे. पण आखूड आणि हलक्या गाडीला मी तो कायद्यासारखाच लावेन. विक्रेता रिकाम्या कॅरॅव्हॅनचं वजन सांगतो, तुम्ही भरलेल्या कॅरॅव्हॅनचं धरा. सामान भरून एकदा वजनकाट्यावर नेलीत तर अंदाज बांधायला नको.

वजनाइतकंच उंचीकडेही लक्ष द्या. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि तो कापायला लागणारी ताकद घनाने. ताशी ८० वरून १०० वर गेलात की निव्वळ वारा कापायला जवळजवळ दुप्पट ताकद लागते. दीड लिटरच्या पेट्रोल इंजिनला उंच, सपाट तोंडाची कॅरॅव्हॅन लावली की पेट्रोलचा काटा डोळ्यांदेखत खाली येतो. बुटकी, किंवा छप्पर खाली बसणारी कॅरॅव्हॅन या गाड्यांना शोभते आणि झेपतेही.

परवाना, वेगमर्यादा आणि जादा आरसे यांचे नियम देशागणिक वेगळे आहेत. तुम्ही चालवणार त्या देशाचे बघा. आरसे मात्र नियम नसला तरी लावा, कारण कॅरॅव्हॅन बहुतेक वेळा गाडीपेक्षा रुंद असते.

सामान भरणं

निम्मी सुरक्षितता इथेच ठरते, आणि दुर्लक्षही इथेच होतं. जड वस्तू (तंबूचं सामान, डबाबंद जिन्नस, बॅटरी) जमिनीलगत आणि ॲक्सलच्या (चाकांच्या आसाच्या) वर. हलकं सामान वरच्या कपाटांत. मागच्या खिडकीखाली जड काहीही नको. पाण्याची टाकी रिकामी करून निघा, कारण साठ लिटर पाणी म्हणजे साठ किलो.

मागच्या टोकाचं एवढं काय? हिशेब करून बघा. ॲक्सलपासून कपलिंग (टो-बॉलवर बसणारी कॅरॅव्हॅनची पकड) चार मीटर पुढे आहे आणि तुम्ही वीस किलोची पेटी ॲक्सलवरून उचलून दोन मीटर मागे ठेवलीत. टो-बॉलवरचा भार लगेच दहा किलोने कमी झाला. शिवाय टोकाला असलेलं वजन, कॅरॅव्हॅन डोलू लागली की तो डोल आवरू देत नाही.

बॉलवरचा भार किती असावा? युरोपीय पद्धतीत भरलेल्या कॅरॅव्हॅनच्या वजनाच्या ५ ते ७ टक्के धरतात, ऑस्ट्रेलियात साधारण १० टक्के. पण गाडीची मर्यादा ओलांडायची नाही. ९०० किलोच्या कॅरॅव्हॅनला ७ टक्के म्हणजे ६३ किलो. तो मोजायला घरातला वजनकाटा पुरतो. कॅरॅव्हॅन सपाट जागी उभी करून चाकांना ठोकळे लावा, कपलिंगच्या उंचीला बेतून कापलेला लाकडी दांडा काट्यावर उभा धरा, आणि कॅरॅव्हॅनच्या नाकाला आधार देणारं, वर-खाली फिरवता येणारं पुढचं छोटं चाक वर घेत कपलिंग दांड्यावर टेकवा. आकडा कमी दिसला तर सामान पुढे सरकवा, जास्त दिसला तर मागे.

हा भार गाडीच्या सामानातच मोजला जातो, आणि आखूड गाडीत तो तरफेसारखा वागतो. व्हीलबेस (गाडीच्या पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर) २.२५ मीटर आणि बॉल मागच्या ॲक्सलच्या ८० सेंटिमीटर मागे असेल, तर बॉलवरच्या ७५ किलोंचे मागच्या चाकांवर १०० किलोंच्या वर पडतात आणि पुढची चाकं २६-२७ किलोंनी हलकी होतात. पुढची चाकं हलकी, की स्टिअरिंगही हलकं. म्हणून गाडीतलं जड सामान डिकीत न कोंबता पुढच्या सीटच्या मागे ठेवा.

आणखी एक गोष्ट: या गाड्या उंच असल्याने बॉलही उंच बसतो आणि कॅरॅव्हॅनचं नाक वर जातं. नाक सपाट किंवा किंचित खाली हवं. नसेल तर खाली झुकलेला टो-बार बसवून घ्या.

जोडणी

कॅरॅव्हॅनचा हँडब्रेक ओढलेला ठेवून गाडी मागे घ्या. कपलिंग बॉलवर उतरवा. खटका वाजायला हवा. आता पुढचं छोटं चाक पुन्हा खाली फिरवा. गाडीचा मागचा भाग वर उचलला गेला तर पकड पक्की, कपलिंग सुटून वर आलं तर पुन्हा बसवा. ही दहा सेकंदांची चाचणी कधीही टाळू नका. मग सुरक्षा केबल, विजेचा प्लग, छोटं चाक पूर्ण वर घेऊन घट्ट, कोपऱ्यांतले पाय वर, गॅस बंद, छपराच्या खिडक्या बंद, हँडब्रेक सोडा. कुणाला तरी मागे उभं करून इंडिकेटर आणि ब्रेकचे दिवे तपासा.

टायरची हवा बघा, आणि टायरचं वयही. कॅरॅव्हॅनचे टायर झिजण्याआधी उन्हात उभे राहूनच तडकतात.

रस्त्यावर

कोरड्या डांबरावर टू-व्हील ड्राइव्हच ठेवा. अशा बऱ्याच गाड्यांना पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा मधला डिफरन्शियल नसतो. वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि तो ताण गिअरच्या यंत्रणेत साठत जातो.

गिअर खालचा ठेवा. पाचव्यात इंजिन कण्हत असेल तर चौथा घ्या, आवाजाला घाबरू नका. उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर टाका, म्हणजे ब्रेक तापून मऊ पडणार नाहीत. चढावर थांबून निघताना क्लचवर गाडी तोलून धरू नका. जळका वास आला की समजा, पैसे जळताहेत.

मोठा ट्रक शेजारून गेला किंवा उतारावर वेग वाढला, की कॅरॅव्हॅन डावी-उजवी डोलू शकते. तेव्हा ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ घट्ट धरा आणि वेग आपोआप उतरू द्या. डोल पकडायला उलटसुलट स्टिअरिंग फिरवलंत तर तो वाढतो. जोराचा ब्रेकही नको, आणि वेग वाढवून सरळ करण्याचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका. कॅरॅव्हॅनला इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर फक्त तेच हाताने हळूच लावा. कॅरॅव्हॅन पुन्हा डोललीच, तर थांबून सामान तपासा; कपलिंगवर घासून डोल रोखणारा स्टॅबिलायझर उपयोगी आहे, पण चुकीच्या भरणीवर तो उपाय नाही.

मुक्कामाच्या जागी

इथे मात्र छोटी फोर बाय फोर भल्याभल्या मोठ्या गाड्यांना मागे टाकते. ओल्या गवतावर किंवा खडीवर फोर-लो (चारही चाकांना ताकद देणारी, अगदी संथ गिअरची सोय) टाका: क्लच न जाळता गाडी मुंगीच्या चालीने मागे येते. हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा. कॅरॅव्हॅनचा मागचा भाग ज्या बाजूला न्यायचा, हात त्या बाजूला न्या. आखूड गाडी पटकन वळते, त्यामुळे कोन बघता बघता वाढतो आणि कॅरॅव्हॅन गाडीशी दुमडते. थोडंसंच वळवा, आणि कोन हाताबाहेर जातोय असं वाटलं की पुढे जाऊन सरळ करा.

जागेवर आल्यावर आधी आडवी पातळी साधा, मग हँडब्रेक आणि ठोकळे, मग गाडी सोडा. पुढे-मागेची पातळी छोट्या चाकाने, आणि कोपऱ्यांतले पाय शेवटी. ते नुसते आधाराला असतात, कॅरॅव्हॅन उचलायला नव्हेत. गवतातून बाहेर पडून डांबर लागलं की फोर-लोमधून टू-व्हीलवर यायला विसरू नका.