सकाळी 6 ची भक्तिगीतं साडेअकराला वाजत होती, असं सुटलं

आमचं छोटं कम्युनिटी रेडिओ स्टेशन, सांगलीत. प्लेआउटचा (शेड्यूलप्रमाणे गाणी आपोआप वाजवणारा) पीसी उबंटू लिनक्सवर. लक्षण असं की शेड्यूलमध्ये 6:00 टाकलं तरी गाणी 11:30 ला लागायची, आणि 6 ला नुसती फिलर प्लेलिस्ट (रिकाम्या वेळेत वाजणारी गाणी).

आधी प्लेलिस्ट परत बनवल्या, मग सॉफ्टवेअर काढून परत टाकलं, मग वैतागून सगळं साडेपाच तास आधीचं टाकायला लागलो. ते चाललं पण सोमवार पहाटे 5 चा शेतीचा कार्यक्रम रविवारी रात्री 11:30 ला टाकावा लागायचा आणि साप्ताहिक रिपीटचं पार भजं झालं. दोन आठवडे डोकं उठलं होतं.

साडेपाच तास म्हणजे यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) आणि आपल्या वेळेतला फरक, हे आधीच कळायला हवं होतं राव!

मी केलं ते याच क्रमाने करा. आधी प्लेआउट बंद. मग उबंटूच्या सेटिंग्जमध्ये तारीख-वेळ उघडून टाइमझोन कोलकाता (यादीत मुंबई शोधू नका, भारताचा झोन कोलकाता नावानेच आहे), तिथंच इंटरनेटवरून वेळ आपोआप घेणं चालू. नंतर प्लेआउट सॉफ्टवेअरमध्ये स्टेशनचा टाइमझोनपण कोलकाता, ती सेटिंग वेगळी असते, आमचा तिथं यूटीसीच होता. युजर प्रोफाइलमध्येपण बघा. मग पूर्ण रीस्टार्ट, नुसतं लॉगआउट नको. शेवटी जुनं शेड्यूल डिलीट करून पाच मिनिटं पुढचा एक टेस्ट शो लावला, बरोबर टाइमला वाजला, मगच बाकीचं भरलं.