ओट्यामागची पांढरी टाइल घरी आणली की निळसर दिसते? आमच्याकडे हे जमलं

कोथरूडमधला जुना फ्लॅट, काळा ग्रॅनाइटचा ओटा, क्रीम फरशी, ट्रॉल्यांना सागवानी लॅमिनेट. दुकानात मस्त दिसणारी पांढरी टाइल घरी भिंतीला टेकवली की दिवसा निळसर आणि रात्री कळकट. करड्या, नक्षीवाल्या सगळ्या बघून झाल्या, वैताग आला नुसता.

मग आधी जे बदलणार नाही ते धरलं, ग्रॅनाइट, फरशी, लॅमिनेट. फरशीवर कोरा ए-फोर कागद ठेवला, शेजारी फरशीची खरी झाक कळते, आमची पिवळसर निघाली. म्हणून शुभ्र पांढरा बाद, ऑफव्हाइट सॅम्पल आणले आणि ओट्यावर उभे टेकवले (आडवे ठेवून बघू नका, उजेड वेगळा पडतो). सकाळी खिडकीच्या उजेडात, रात्री घरातल्याच दिव्याखाली, कारण दुकानात ६५०० केल्विनचा पांढरा लाइट आणि आमच्याकडे ३००० चा पिवळा, घोळ तिथेच होता. त्यानंतर ग्राउट (टाइलांमधल्या फटी भरायचं मिश्रण), टाइलपेक्षा एक शेड गडद, आणि गॅसमागे इपॉक्सी म्हणजे रेझिनचं ग्राउटच, फोडणीचं तेल त्यात मुरत नाही. फिनिश ग्लॉसी, मॅट भारी दिसतं पण पुसताना जीव जातो. शेवटी सगळ्या बॉक्सवर बॅच आणि शेड नंबर एकच आहे ना ते बघून १० टक्के जास्तीच्या घेतल्या.