क्लॅमिडोमोनासचा म्युटंट हट्ट करतोय? जनुकाला दोष देण्याआधी या चुका टाळा

ताळगावच्या पठारावरच्या गोवा विद्यापीठात असो की मडगाव-म्हापशाच्या कॉलेजात, एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये क्लॅमिडोमोनास हे एकपेशीय हिरवे शेवाळ आणि त्याचे म्युटंट (जनुकात बदल झालेले वाण) हाती आले की गोंधळ बहुधा तीनच ठिकाणी होतो: खाद्य, हवा आणि उजेड. जनुकाची पाळी त्यानंतर.

टॅप (ट्रिस-ॲसिटेट-फॉस्फेट) या वाढीच्या माध्यमावर हिरवीगार वाढ दिसली म्हणजे प्रकाशसंश्लेषण ठीक, असे धरू नका. त्यात ॲसिटेट असते आणि क्लॅमिडोमोनास त्यावर अंधारातही वाढतो. प्रकाशसंश्लेषण ठप्प झालेले म्युटंट जगवता येतात ते त्यामुळेच. खरी परीक्षा ॲसिटेट नसलेल्या प्लेटवर, शेजारी वाइल्ड टाइपचा (मूळ, न बदललेल्या वाणाचा) ठिपका देऊन. त्याआधी पेशी धुवा, नाहीतर सोबत आलेल्या ॲसिटेटवरच थोडी वाढ होते आणि निकाल फसवतो.

पावसाळ्यात वेगळीच पंचाईत. ॲसिटेट बुरशीलाही आवडते, म्हणून जून लागला की सगळे प्लेटांना पॅराफिल्म या ताणल्या जाणाऱ्या मेणपट्टीचे वेढ्यावर वेढे देतात. बुरशी थांबते, पण हवेची ये-जाही मंदावते. आतला कार्बन डायऑक्साइड कमी पडला की ॲसिटेटविना ठेवलेला धडधाकट वाइल्ड टाइपही रखडतो, आणि आपण कार्बन स्थिरीकरणातला दोष शोधत बसतो. सच्छिद्र सर्जिकल टेप लावा, काम भागते.

उलटही घडते: जास्तीचा कार्बन डायऑक्साइड खरा दोष झाकतो. सीआयए५ सारख्या म्युटंटमध्ये कार्बन डायऑक्साइड गोळा करणारी यंत्रणाच चालू होत नाही. साध्या हवेत, म्हणजे सुमारे ०.०४ टक्क्यांवर, तो खुरटतो. २ ते ५ टक्क्यांत सावरतो. दारे बंद करून एसीत दहा-बारा जण बसले की खोलीतले प्रमाण सहज दुप्पट होते, तेव्हा ‘साधी हवा’ म्हणताना जपून. माध्यमात खायचा सोडा (सोडियम बायकार्बोनेट) टाकणे हा त्यावर उपाय नव्हे: बायकार्बोनेट आत ओढून घेणेच तर त्याला जमत नाही, वर पीएच चढतो. झाडांतही हेच. सॉमरव्हिल आणि ऑग्रेन यांनी १९७९ मध्ये दाखवलेला अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या छोट्या रोपाचा म्युटंट १ टक्का कार्बन डायऑक्साइडमध्ये छान वाढायचा, साध्या हवेत आणला की पिवळा पडायचा. कार्बन डायऑक्साइड पकडणारे विकर, रुबिस्को, शाबूत होते. बिघाड प्रकाशश्वसनात होता, म्हणजे रुबिस्कोने चुकून ऑक्सिजन पकडल्यावर होणारी निस्तरणी अडली होती.

उजेडाचे थोडक्यात. रुबिस्को नसलेले म्युटंट ॲसिटेट देऊनही प्रखर उजेडात मरतात, त्यांना अंधार किंवा मंद उजेडच हवा. मे महिन्यात थर्मामीटर प्लेटांशेजारी ठेवा. एसीवरचा आकडा ट्यूबांखालच्या फळीला लागू नसतो. आणि वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर दिवे चालतात, एसी नाही!

क्लोरोफिलची चमक (फ्लुरोसन्स) वाढलेली दिसली की लगेच फोटोसिस्टीम दोनवर, म्हणजे उजेड टिपून इलेक्ट्रॉन पुढे ढकलणाऱ्या पहिल्या टप्प्यावर, बोट ठेवतात. इलेक्ट्रॉनांची वाट पुढे सायटोक्रोम बी६एफ या त्यानंतरच्या प्रथिन-संचापाशी अडली तरी चमक वाढतेच. मोजणीआधी नमुना अंधारात ठेवाच, पण ॲसिटेटमधले कल्चर हलवत राहा. हवा न खेळता तसेच पडून राहिले तर या दोहोंमधला इलेक्ट्रॉनवाहक प्लास्टोक्विनोन आधीच इलेक्ट्रॉनांनी भरलेला असतो आणि वाइल्ड टाइपचाही फोटोसिस्टीम दोनच्या क्षमतेचा आकडा घसरतो.