मोठेपणी ऑटिझमची शंका आली तर: खान्देशातून निदानापर्यंत

आपल्याला ऑटिझम (स्वमग्नता) असावा, ही शंका तिशी-चाळिशीत बहुधा दोन वाटांनी येते. पोटच्या मुलाची तपासणी चालू असते आणि डॉक्टरांचा प्रत्येक प्रश्न आपल्यालाच लागू पडतोय असं वाटतं. नाहीतर मोबाइलवर कुणाचा व्हिडिओ दिसतो आणि झोप उडते. वाट कोणतीही असो, पुढचं काम एकच: शंकेला पुरावा जोडायचा. मोठ्या माणसाच्या बाबतीत हा पुरावा आजच्या वागण्यापेक्षा लहानपणात जास्त सापडतो.

डॉक्टर काय शोधतात

२०१३ साली आलेल्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेत लक्षणांचे दोन गट आहेत. पहिला माणसांशी देवाणघेवाणीचा: बोलण्यातली देवघेव, नजर-हातवारे-चेहरा, आणि नाती जोडणं-टिकवणं. या तिन्ही ठिकाणी अडचण दिसावी लागते. दुसरा गट ठरावीकपणाचा: त्याच त्या हालचाली किंवा वाक्यं, ठरल्या क्रमाचा हट्ट, एखाद्या विषयाने झपाटून जाणं, आणि आवाज, उजेड, स्पर्श, चव फार जास्त किंवा फारच कमी जाणवणं. या चारांपैकी किमान दोन हवीत. शिवाय हे सगळं लहानपणापासून असावं लागतं आणि त्यापायी रोजच्या जगण्यात खरोखर अडावं लागतं.

नुसतं अबोल असणं यात बसत नाही. हळदीच्या डीजेने कान किटणंही नाही, ते सगळ्यांचेच किटतात. बघायचं ते असं: डीजे थांबल्यावर बाकीचे पंगतीला बसतात, तुम्हाला मात्र दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कुणाशी बोलवत नाही का? कूलरची घरघर इतरांना थोड्या वेळाने ऐकू येईनाशी होते, तुमच्या डोक्यात ती रात्रभर चालू राहते का? उलटं टोकही असतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि काहींना तहान लागल्याचं कळतच नाही, चक्कर आल्यावर कळतं. असली उदाहरणं डॉक्टरांच्या फार कामाची.

बायकांचं निदान जास्त निसटतं. सून कमी बोलते, मान खाली घालून वावरते, तर आपल्याकडे तिला ‘गरीब स्वभावाची’ म्हणून शाबासकीच मिळते. (खाली नजर ही रीत आहे, तेवढ्यावरून ऑटिझम ठरत नाही.) कानबाईच्या रोटांना (खान्देशातला देवीचा सण) सगळे भाऊबंद जमतात तेव्हा ती कुणाशी काय बोलायचं याची वाक्यं आधी मनात पाठ करते, दिवसभर हसून वाढते आणि नंतर दोन दिवस अंथरूण धरते. तपासणाऱ्याला हसणं दिसतं, पाठांतर दिसत नाही. ते आपण होऊन सांगायला हवं.

मोबाइलवरच्या चाचण्या

एक्यू ही ५० प्रश्नांची चाचणी आहे, तिची रेघ (जिथून पुढे तपासणी करावी असं मानतात ते गुण) ३२ वर. तिचं छोटं रूप १० प्रश्नांचं, रेघ ६ वर. राड्स-आर ८० प्रश्नांची, रेघ ६५ वर. रेघेच्या वर गुण आले म्हणजे ऑटिझम ठरला असं नाही. चिंता, नैराश्य आणि एडीएचडीमुळेही (लक्ष न टिकणं, अति चंचलपणा) गुण चढतात. प्रश्नही परदेशी घडणीचे आहेत. एक्यूमध्ये नाटकाला जाल की वस्तुसंग्रहालयात, असं विचारलंय. शहाद्याच्या माणसाने यावर काय उत्तर द्यायचं? जिथे अडखळाल तिथे ‘का अडखळलो’ हे बाजूला लिहा. डॉक्टरांकडे नुसता आकडा नेऊ नका, उत्तरं न्या.

लहानपणाची वही

साधी शंभर पानी वही पुरे. तिचे चार भाग करा: पाच वर्षांपर्यंत, चौथीपर्यंत, दहावीपर्यंत आणि त्यानंतर. विशेषणं टाळून घडलेलं लिहा. ‘हट्टी होता’ याचा उपयोग शून्य. ‘वरण भाताला लागलं की ताट सोडून उठायचा, सहावीपर्यंत’ हे कामाचं. प्रत्येक नोंदीपुढे कोणी सांगितलं तेही लिहा.

मुख्य साक्षीदार आई. घरात अहिराणी किंवा लेवा बोली असेल तर प्रश्न त्याच बोलीत विचारा. पुस्तकी मराठीत विचारलं की उत्तरही जपून येतं. ‘माय, मी धाकला व्हतू तवय कसा व्हतू?’ एवढ्याने आई बोलती होते. पण पहिलं उत्तर बहुधा ‘काही नव्हतं, शांत होता’ असंच असतं, कारण तिला वाटतं पोरगं स्वतःला नावं ठेवतंय. म्हणून आडून विचारा. थोरल्या भावापेक्षा मी बोलायला लवकर लागलो की उशिरा? हवं ते बोटाने दाखवायचो, की तिचा हात धरून तिकडे न्यायचो? गल्लीतली पोरं खेळायची तेव्हा मी कुठे असायचो? केस कापताना, नवा शर्ट घालताना काय व्हायचं? मामाकडे गेल्यावर झोपायचो का? आई नसेल तर आत्या, मोठी बहीण, जुने गुरुजी.

कागदांमध्ये प्राथमिक शाळेची प्रगतीपुस्तकं शोधा. गुणांपेक्षा शेऱ्याची ओळ महत्त्वाची. शाळा सोडल्याचा दाखला शोधण्यात वेळ घालवू नका, त्यात वर्तणुकीपुढे प्रत्येकाला ‘चांगली’च असतं. घरातल्या जुन्या लग्नाची कॅसेट मिळाली तर मात्र नक्की बघा.

कुणाकडे जायचं

निदान मानसोपचारतज्ज्ञ करतात, किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. नुसते समुपदेशक नाहीत. जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. सुरुवात तिथल्या मानसोपचार ओपीडीपासून करता येते. जिल्ह्यातलं शीघ्र हस्तक्षेप केंद्र १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असतं, तिथे रांग लावू नका.

खासगीत जाण्याआधी फोनवर एवढं विचारा: मोठ्या माणसांचं ऑटिझमचं निदान करता का? किती बैठका लागतात? आई-वडिलांशी बोलता का? लेखी अहवाल देता का, आणि सगळे मिळून पैसे किती? पहिल्याच प्रश्नावर ‘हा लहान मुलांचा आजार आहे’ असं ऐकू आलं तर फोन ठेवा आणि पुढचा नंबर लावा. जवळपास कुणी मिळालं नाही तर नाशिक, पुणे, मुंबई. आईचं बोलणं व्हिडिओ कॉलवर चालेल का हे आधीच ठरवून घ्या, म्हणजे तिचा प्रवास वाचतो.

ओपीडीत पाच-सात मिनिटं मिळतात, तिथे वही कुणी वाचत नाही. एका पानाचा गोषवारा काढा: वर दोन ओळींत काय हवंय, मग लहानपणाची पाच उदाहरणं, आजची पाच, कुठे अडतं ते (नोकरी, संसार, झोप), आणि चालू गोळ्या. पान हातात देऊन स्पष्ट म्हणा, ‘मला ऑटिझमची तपासणी करून हवी आहे.’ ‘कसंतरी होतं’ म्हणालात तर चिंतेची गोळी घेऊन घरी याल. आणि जीव नकोसा वाटत असेल तर तेच सगळ्यात आधी सांगा. रात्री-अपरात्री टेली-मानसचा १४४१६ हा मोफत नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

तपासणी म्हणजे मुख्यतः लांबलचक बोलणं. रक्ताची चाचणी किंवा एमआरआय ऑटिझम दाखवत नाही. ते आधी करा म्हणणाऱ्याला कशासाठी ते विचारा. एडॉस-२ नावाची प्रमाणित चाचणी असते, तिचा चौथा भाग बोलत्या मोठ्या माणसांसाठी आहे. ती झाली नाही म्हणून निदान कच्चं ठरत नाही. नीट घेतलेला इतिहास पुरतो. ऐकण्याची तपासणी मात्र करून घ्या, कारण कमी ऐकू येणाराही गप्पांत असाच हरवतो. सामाजिक भीती, ओसीडी (तेच विचार, तीच कृती पुन्हा पुन्हा होणं), एडीएचडी, जुना मानसिक आघात हेही तपासले जातात. यातलं काही ऑटिझमच्या जोडीने असू शकतं, म्हणून एक सापडलं की दुसरं बाद होत नाही.

अहवाल आणि प्रमाणपत्र

अहवाल लेटरहेडवर, सही-शिक्का आणि नोंदणी क्रमांकासह हवा. त्यात कोणत्या चाचण्या झाल्या, कोणते निकष कोणत्या उदाहरणांवरून लागू झाले आणि पुढे काय करायचं, हे असायला हवं. ‘ऑटिस्टिक ट्रेट्स’ एवढंच लिहिलेला कागद पुढे कुठे चालत नाही.

दिव्यांग प्रमाणपत्र ही वेगळी पायरी आहे, आणि सगळ्यांनी ती चढलीच पाहिजे असं नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर भरायचा, मग बोलावतील त्या दिवशी तपासणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळापुढे जायचं. टक्केवारी इसा या मापनपट्टीवर ठरते: ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण, ७० च्या खाली ऑटिझम धरत नाहीत. घोळ इथेच होतो. पट्टीत वरून दिसणाऱ्या वागण्यावर भर आहे, त्यामुळे नोकरी करणारा, नीट बोलणारा माणूस निदान असूनही ७० च्या खाली राहू शकतो. मंडळापुढे ‘सगळं जमतं साहेब’ म्हणू नका. कशाच्या बळावर जमतं, कुणाच्या मदतीने, आणि नंतर काय होतं ते सांगा. आरक्षणासाठी किमान ४० टक्के लागतात. सरकारी नोकरीत असाल तर बसायची शांत जागा किंवा तोंडी ऐवजी लेखी सूचना अशा वाजवी सोयी मागता येतात. त्या देण्याचं बंधन याच कायद्याने सरकारी आस्थापनांवर टाकलंय.

निदानानंतर ऑटिझम ‘घालवणारं’ औषध नसतं. चिंता, झोप, नैराश्य यांवर असतं. स्टेम सेलची इंजेक्शनं सुचवणाऱ्याकडून उठून या. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच ऑटिझमसाठी हा उपचार सुचवता येत नाही असं सांगितलंय.

निदान नाही असं सांगितलं, तर कोणता निकष बसला नाही आणि मग त्रास कशामुळे, हे लेखी मागा. ‘तुम्ही तर नजरेला नजर देता’, ‘लग्न झालंय, मुलं आहेत’ एवढ्यावरून निदान बाद होत नाही. लहानपणाचा पुरावा कमी पडला म्हणत असतील तर ते कारण रास्त आहे. वहीत भर घाला आणि दुसऱ्या तज्ज्ञाकडे जाताना पहिल्याचा अहवालही सोबत न्या. दोन्हीकडे झेरॉक्सच द्या, मूळ कागद स्वतःकडे ठेवा.