क्यू दुरुस्तीसाठी लेथ घेताय? आधी स्पिंडलचं भोक मोजा

इंदूरच्या रामबागेतल्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत मी पूलच्या क्यू, म्हणजे खेळायच्या काठ्या, दुरुस्त करतो. सुरुवातीला ड्रिल मशीन टेबलाला आडवं आवळून त्यावर शाफ्ट, म्हणजे क्यूचा पुढचा निमुळता भाग, फिरवायचो. टिपकडचं (चेंडूला लागणाऱ्या चामडी तुकड्याकडचं) टोक थरथरायचं, तरी काम निघायचं. मग एकदा भाच्याच्या क्यूचं फेरूल, म्हणजे टिपखालची कडी, एका बाजूने पातळ झालं. पोराचा चेहरा बघवेना. नवं फेरूल बसवून दिलं आणि मिनी लेथ, म्हणजे छोटं खराद यंत्र, घेतलं.

लेथची लांबी सगळे विचारतात, स्पिंडलचं, म्हणजे लेथच्या फिरत्या पोकळ दांड्याचं, भोक कुणी विचारत नाही. पूलच्या शाफ्टची टिप साधारण 13 मिमी असते, जोडाकडे तो 21 मिमीच्या आसपास जाडावतो. शाफ्ट मागून आत घालायचा, टिप चकमधून, म्हणजे लेथच्या पकडीतून, दोन बोटं बाहेर काढायची. जाड टोक मागे बाहेरच राहतं, म्हणून एवढ्याला 20 मिमीचं भोक पुरतं. बटची, म्हणजे क्यूच्या मागच्या जाड भागाचीही कामं करायची असतील तर 35 तरी बघा.

चकचे जबडे थेट लाकडाला लावू नका, शाफ्टच्या मेपल लाकडावर तीन वळ उठतात. मी इथल्या सियागंज बाजारातून नायलॉनचा रॉड आणला, खराद्याकडून 12, साडेबारा आणि 13 मिमीचे बुश, म्हणजे पोकळ नळ्या, करून घेतले आणि प्रत्येकाला करवतीने एक उभी चीर दिली. चक आवळला की चीर मिटते आणि बुश शाफ्टला सगळीकडून सारखा धरतो.

खरा पैसा मात्र मागच्या आधारावर घाला. स्पिंडलमागे हातभर शाफ्ट उघडा असतो. तो मोकळा सोडून मशीन वेगात चालवलं तर चाबकासारखा फटके मारतो, मोडूही शकतो. प्लायवूडच्या उभ्या फळीत 6205 बेअरिंग बसवा. त्याचं आतलं भोक 25 मिमीचं, त्यात फेल्टची पट्टी गुंडाळली की जोडाकडचं टोक अलगद बसतं. मग फेरूलवर डायल गेज (डगमग मोजणारं काट्याचं यंत्र) टेकवून चक हाताने फिरवा. काटा पाच रेघांच्या, म्हणजे 0.05 मिमीच्या आत हलला तरच स्विच दाबा. हातमोजे घालायचे नाहीत, बाह्या कोपराच्या वर.

स्नूकर 1875 मध्ये जबलपुरात सुरू झाला, आपल्याच मुलखातला खेळ. त्यामुळे एकदा नाव झालं की स्नूकरच्या क्यूही येऊ लागतात. त्यांची टिप साडेनऊ-दहा मिमीची, म्हणून बुश वेगळे लागतात. फेरूल पितळी असतं, पॉलिश पेपर जरा जास्त वेळ दाबला की तापतं आणि टिपखालचा सुपरग्लू सुटतो. दोन सेकंद घासा, बोट लावून बघा, मग पुढे.

टिपची कड सगळ्यात शेवटी. फेरूलला मास्किंग टेप लावा, कडेला ओलं बोट फिरवा, पाणी लाकडापर्यंत जाऊ देऊ नका. मग चामड्याचा तुकडा दाबून मशीन चालवा. खरबरीत करडी कड दहा-बारा सेकंदांत काळसर तुकतुकीत होते. नखाने खरवडून बघा. तंतू निघाला तर पुन्हा ओलं बोट, पुन्हा चामडं.