पश्चिमेच्या खिडकीचं ऊन बाहेरच अडवा

एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर पश्चिमेची खोली भट्टीसारखी तापते आणि आतून जाड पडदा लावूनही फारसा फरक पडत नाही, कारण तोवर ऊन काचेतून आत आलेलं असतं.

१. बाहेरून ग्रिलला किंवा बाल्कनीत बांबूची चिक बांधा. नर्सरीत मिळणारी हिरवी शेडनेटही चालते, स्वस्तही पडते. काचेपासून वीतभर अंतर ठेवा, मधून हवा खेळू द्या.

२. आतला पडदा पांढऱ्या अस्तराचा घ्या आणि अस्तर काचेकडे ठेवा. पडदा खिडकीच्या दोन्ही बाजूंना वीतभर जास्त हवा. दुकानदार ‘ब्लॅकआउट’ म्हणून गडद कापड पुढे करेल. त्याने अंधार नक्की होतो, पण काचेकडची बाजू गडद असेल तर ती तापतेच.

३. सकाळी ऊन चढायच्या आत खिडकी-पडदे बंद. संध्याकाळी बाहेर गार झालं की सताड उघडा.

नागपूर-अकोल्याच्या कोरड्या हवेत वाळ्याचे पडदे भिजवून लावले तर उत्तमच. मुंबई-कोकणात मात्र नकोत, नुसता दमटपणा वाढतो.

वरच्या मजल्यावर चिक खालूनही घट्ट बांधा. वळवाच्या वाऱ्यात सुटली तर खाली कुणाच्या तरी डोक्यावर जाईल.